पोटोमॅकच्या काठाने, खडीच्या वाटेने

1828 सालच्या 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, दोन मोठ्या कामांचा मुहूर्त झाला. वॉशिंग्टनजवळ राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी चेसापीक अँड ओहायो कालव्यासाठी पहिलं फावडं मारलं. त्याच दिवशी बाल्टिमोर शहरात बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची पायाभरणी झाली. दोघांनाही अ‍ॅलेघेनी डोंगररांग ओलांडून पश्चिमेकडच्या ओहायो नदीच्या खोऱ्यात पोहोचायचं होतं. शर्यत रेल्वेने जिंकली. मेरीलँडमधल्या कम्बरलँड गावी ती 1842 मध्ये पोहोचली. कालव्याला तिथवर यायला 1850 साल उजाडलं, आणि त्यापुढे तो कधी गेलाच नाही.

आज मात्र वॉशिंग्टनहून निघून ओहायो नदीच्या उगमापर्यंत, म्हणजे पिट्सबर्गपर्यंत, जवळजवळ सगळा प्रवास मोटारींचा त्रास न होता सायकलवरून करता येतो. कम्बरलँडपर्यंत कालव्याची जुनी वाट, 184.5 मैल, म्हणजे सुमारे 297 किलोमीटर. तिथून पिट्सबर्गपर्यंत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून गेलेली 150 मैलांची ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज ही वाट. दोन्ही वाटा बहुतेक ठिकाणी कच्च्या आहेत आणि नदी सहसा साथ सोडत नाही. खडीवरच्या सायकलस्वारीचं सुख काय असतं, हे समजून घ्यायला याहून चांगली वाट मला माहीत नाही.

सायकल कशी असते?

ग्रॅव्हल बाइक लांबून पाहिली तर शर्यतीच्या सायकलसारखीच दिसते. हँडल तसंच खाली वळलेलं. फरक टायरमध्ये आहे. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलचा टायर साधारण 25 ते 28 मिलिमीटर रुंद असतो, ग्रॅव्हल बाइकचा 38 ते 45. हवाही कमी भरतात. कडक, अरुंद टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, आणि पायांनी लावलेला जोर पुढे जाण्याऐवजी सायकल आणि शरीर हादरवण्यात वाया जातो. रुंद, मऊ टायर खड्याभोवती दबतो आणि पुढे सरकतो. म्हणून कच्च्या वाटेवर तोच जास्त वेगाने आणि कमी दमवत नेतो. डिस्क ब्रेक चिखलातही धरतात, गिअर चढावर हलके पडतात, आणि दोन चाकांमधलं अंतर थोडं जास्त असल्याने खडीवर सायकल बिचकत नाही.

या सायकलींच्या शर्यतीही आता नावारूपाला आल्या आहेत. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावातली 200 मैलांची शर्यत 2006 पासून भरते, आणि 2022 मध्ये इटलीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पण या सायकलचं खरं काम शर्यतीपलीकडचं आहे. जिथे मोटार जात नाही आणि पायी जायला अंतर फार पडतं, अशा वाटा ती माणसाच्या आवाक्यात आणते.

खेचरांची वाट

कालव्यातल्या होड्यांना इंजिन नव्हतं. काठावरून खेचरं चालायची आणि लांब दोरखंडाने होडी ओढायची. आपण सायकल चालवतो ती हीच खेचरांची वाट. बहुतेक ठिकाणी एका हाताला कालवा असतो आणि दुसऱ्या हाताला पोटोमॅक नदी. कालव्याचे काही भाग कोरडे पडून त्यांत झाडं उभी राहिली आहेत. काही भागांत अजून पाणी आहे, आणि पडलेल्या ओंडक्यांवर कासवं ऊन खात बसलेली दिसतात.

समुद्रसपाटीजवळच्या वॉशिंग्टनपासून कम्बरलँडपर्यंत होडीला सुमारे 184 मीटर वर चढायचं असे. त्यासाठी 74 लॉक बांधले, म्हणजे पाण्याचा जिनाच. दगडी भिंतींच्या अरुंद हौदात होडी शिरली की मागचे दरवाजे लागत. वरच्या दरवाजातल्या झडपा उघडल्या की पाणी भरत जाई आणि होडी सुमारे अडीच मीटर वर उचलली जाई. दरवाजांच्या दोन फळ्या वरच्या प्रवाहाकडे टोक करून मिटत, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बंद ठेवी. हौद 15 फूट रुंद आणि होड्या साडेचौदा फुटांच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम काही इंचांची फट. लॉकपाशी राखणदाराचं घर असे. रात्री-अपरात्री होडीवरचं शिंग वाजलं की त्याला उठावं लागे. त्यांतली अनेक घरं अजून उभी आहेत.

उपनद्या ओलांडायला 11 दगडी जलसेतू बांधले गेले. त्यांतला मोनोकसी नदीवरचा सात कमानींचा जलसेतू सर्वांत मोठा, 1833 साली पूर्ण झालेला. एकेकाळी नदीवरून होड्या नेणाऱ्या या पुलावरून आज सायकली जातात.

पॉ पॉ बोगदा

वॉशिंग्टनपासून सुमारे 250 किलोमीटरवर नदी एकामागोमाग एक मोठी वळणं घेते. ती टाळण्यासाठी अभियंत्यांनी डोंगरच फोडायचं ठरवलं. 1836 मध्ये सुरू झालेलं काम दोन वर्षांत उरकेल असा अंदाज होता. पैसे संपले, मजुरांत दंगे झाले, काम बंद पडलं, पुन्हा सुरू झालं आणि 1850 मध्ये बोगदा खुला झाला. लांबी 3,118 फूट, म्हणजे 950 मीटर. आतून विटांचं अस्तर, अंदाजे साठ लाख विटांचं.

आत शिरताना सायकलवरून उतरावंच. वाट अरुंद आणि उंचसखल आहे, दिवा लागतो, आणि मधोमध आल्यावर दोन्ही टोकांचा उजेड नाण्याएवढा होतो. लाकडी कठड्यावरून हात फिरवत चाललं की बोटांना खाचा लागतात. पाण्यातून होड्या ओढल्या जाताना दोरखंड वर्षानुवर्षं घासत राहिले, त्यांनी कोरलेल्या या खाचा आहेत. कित्येक लॉकच्या दगडी कोपऱ्यांवरही तशाच खुणा दिसतात.

वाट वाचली कशी?

1924 च्या पुरानंतर कालवा कायमचा बंद पडला. 1938 मध्ये केंद्र सरकारने तो बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे कंपनीकडून, म्हणजे जुन्या प्रतिस्पर्ध्याकडूनच, वीस लाख डॉलरला विकत घेतला. पुढे त्यावरून मोटारींचा रस्ता काढायची कल्पना पुढे आली, आणि जानेवारी 1954 मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वृत्तपत्राला पत्र लिहिलं: संपादकांनी आपल्याबरोबर ही वाट पायी चालावी, मग मत द्यावं. संपादकांनी आव्हान स्वीकारलं. 20 मार्चला कम्बरलँडहून मंडळी निघाली. आठ दिवसांनी वॉशिंग्टनला पोहोचली तेव्हा संपूर्ण अंतर चाललेले नऊच जण उरले होते. पण वृत्तपत्राने आपली भूमिका बदलली, देशभर चर्चा झाली आणि मोटाररस्ता बारगळला. 1971 मध्ये संपूर्ण कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

कम्बरलँडपलीकडच्या भागाची गोष्ट वेगळी आहे. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा तिथला मार्ग 1975 मध्ये बंद झाला. असे पट्टे तुकड्या-तुकड्यांनी विकले गेले की पुन्हा जोडणं जवळपास अशक्य होतं. 1983 मध्ये अमेरिकी संसदेने कायद्यात दुरुस्ती केली: बंद मार्गाची जमीन अखंड राखायची, मधल्या काळात तिचा पायवाट किंवा सायकलवाट म्हणून वापर करायचा, आणि उद्या रेल्वे हवी झाली तर ती परत द्यायची. ओहायोपाइल या गावाजवळ 1986 मध्ये पहिला तुकडा खुला झाला. स्थानिक स्वयंसेवक पुढचे तुकडे जोडत गेले, आणि 2013 मध्ये वाट पिट्सबर्गला ओहायोच्या उगमापाशी पोहोचली. कालव्याच्या आखणीकारांनी पाहिलेलं पोटोमॅक-ओहायो जोडणीचं स्वप्न 185 वर्षांनी पुरं झालं, आणि ते सायकलस्वारांसाठी पुरं झालं.

जायचं असेल तर

वॉशिंग्टनच्या आसपास, व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. त्यांना या वाटेचा पहिला टप्पा घराजवळ आहे, आणि दिवाळीच्या सुमाराला तिथे गेलेल्या पाहुण्यांनाही ग्रेट फॉल्स धबधब्यापर्यंत एका दिवसाची फेरी सहज जमते.

संपूर्ण वाट करायची तर पिट्सबर्गहून निघणं सोपं. यॉकिगेनी आणि कॅसलमन नद्यांच्या काठाने चढ इतका मंद आहे की कित्येकदा कळतही नाही. रेल्वेच्या इंजिनाला झेपेल एवढाच उतार ठेवलेला असतो, त्याचा हा फायदा. 729 मीटर उंचीवर जलविभाजक येतो: अलीकडचं पाणी मेक्सिकोच्या आखाताला मिळतं, पलीकडचं अटलांटिक महासागराला. त्यानंतर बिग सॅव्हेज बोगदा आणि कम्बरलँडपर्यंत 38 किलोमीटरचा सलग उतार. हा बोगदा हिवाळ्यात बंद ठेवतात, म्हणून मे ते ऑक्टोबर हाच काळ धरावा.

पावसात दोन वाटांचा फरक कळतो. रेल्वेच्या वाटेवर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलेली आहे, तिच्यातून पाणी लगेच निचरतं. कालव्याच्या वाटेवर मातीचा अंश जास्त; चिखल चाकांना धरतो. मडगार्ड, रुंद टायर आणि जास्तीची ट्यूब बरोबर असावी. कालव्याकाठी तंबू ठोकायच्या जागा ठरावीक अंतरावर आहेत. तिथे हातपंप असतात, पण थंडीत ते बंद होतात.

आपल्याकडचे पट्टे

महाराष्ट्रातही असे पट्टे आहेत. नीरा डावा कालवा वीर धरणापासून बारामतीच्या बाजूला जातो. अशा कालव्यांच्या कडेने देखभालीची वाट असतेच, आणि शेतकरी ती रोज वापरतात. विदर्भात यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूरला जोडणाऱ्या शकुंतला रेल्वेची गाडी थांबली आहे. तिच्या जागी ब्रॉडगेज व्हावी ही तिथल्या लोकांची मागणी योग्यच आहे. पण ती होईपर्यंत जमिनीचा पट्टा अखंड राहिला पाहिजे. त्यावर अतिक्रमण झालं, तुकडे पडले, तर पुढे ना रेल्वे होईल ना सायकलवाट.

खडी टाकायला फारसा पैसा लागत नाही. सलग जमीन मात्र एकदा गेली की कोणत्याही किमतीला परत येत नाही. म्हणून ज्या जिल्ह्यात बंद रेल्वेमार्ग किंवा कालव्याची वाट आहे, तिथल्या सायकल क्लबांनी, ग्रामपंचायतींनी आणि शेतकऱ्यांनी एकत्र बसून आधी तिचा नकाशा करावा, मोजणीचे दगड जागेवर आहेत का ते पाहावं, आणि हा पट्टा सार्वजनिकच राहावा अशी लेखी मागणी करावी. पोटोमॅककाठच्या लोकांनीही सुरुवात एका पत्राने आणि आठ दिवसांच्या चालण्यानेच केली होती.