खिशांतलें संगीत आणि घरांतलें संगीत

घरांत गाणें ऐकण्याचीं साधनें गेल्या सव्वाशें वर्षांत अनेकदां पालटलीं. भोंग्याचा ग्रामोफोन आला, त्यामागून रेडिओ आला, पुढें टेपरेकॉर्डर आला. परंतु या सर्वांत एक गोष्ट कायम होती. यंत्र दिवाणखान्यांत अथवा माजघरांत एका जागीं असे, आणि त्यावर जें लागेल तें सर्वांच्या कानीं पडे. आजोबांस नाट्यपद हवें, मुलांस सिनेमांतलें गाणें हवें, स्वयंपाकघरांतून भावगीताची मागणी यावी, आणि शेवटीं कोणाचें तरी ऐकून घ्यावें लागावें, असा तो प्रकार होता. असें ऐकून घ्यावें लागलेलें गाणेंच पुष्कळांच्या अभिरुचीचा पाया ठरलें, असें आमचें मत आहे.

या व्यवस्थेस पहिला धक्का जपानच्या सोनी कंपनीच्या वॉकमननें १९७९ सालीं दिला. पण एका कॅसेटींत तास-दीड तासाचेंच गाणें मावे. घरांतील सगळा संग्रहच एका माणसाच्या खिशांत घालण्याचें काम अमेरिकेंतील ॲपल कंपनीच्या आयपॉड या यंत्रमालेनें केलें. ही माला २००१ सालीं सुरू झाली व २०२२ सालीं संपली. तिचीं यंत्रें पुष्कळ घरांच्या कपाटांतून अद्याप पडून आहेत आणि त्यांत कोणीं तरी हौसेनें जमविलेलीं गाणीं आहेत. म्हणून तिचा वृत्तान्त वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम इतक्या लहान जागेंत इतकीं गाणीं मावतात कशीं, तें पाहूं. नगारखान्यांत टिमकीचें काय होतें हें आपण सर्व जाणतों. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानास ऐकूं येत नाहीं. मग तो सांठवावाच कशाला? या विचारावर जर्मनींतील एरलांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनीं अनेक वर्षें काम केलें, आणि त्यांतून जी पद्धति निघाली तिच्या फाइलींस १९९५ सालीं 'एमपी थ्री' हें नांव मिळालें. चकचकीत सीडीवरील गाण्याच्या एका सेकंदास सुमारें १४ लक्ष बिट लागतात. या पद्धतींत सामान्यतः १ लक्ष २८ हजारांत काम भागतें. म्हणजे अकरांतला एकच वांटा.

या पद्धतीचें खिशांत मावणारें पहिलें यंत्र दक्षिण कोरियांतील एका कंपनीनें १९९८ सालीं विक्रीस आणलें. त्यांत जेमतेम अर्ध्या तासाचें गाणें मावे. अडचण जागेची होती, आणि ती सुटली ती काहींशी योगायोगानें. तोशिबा कंपनीनें १.८ इंच व्यासाची चिमुकली हार्ड डिस्क तयार केली होती, पण तिचा उपयोग काय करावा हें त्यांचें त्यांसच नीट उमगलें नव्हतें. २००१ च्या आरंभीं ॲपलचे जॉन रुबिनस्टाइन जपानांत गेले असतां ती त्यांच्या दृष्टीस पडली. टोनी फडेल यांनीं जुळणीचा भार उचलला. यंत्राच्या मेंदूसाठीं पोर्टलप्लेयर नांवाच्या कंपनीची चिप घेतली. या कंपनीची एक कचेरी आपल्या हैदराबादेंत होती, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. अंगठ्यानें फिरवावयाच्या चक्राची कल्पना फिल शिलर यांची. २३ ऑक्टोबर २००१ रोजीं यंत्र जाहीर झालें तेव्हां त्याची किंमत ३९९ डॉलर होती, आणि पांच गिगाबाइटच्या त्या पेटींत हजार गाणीं मावतात असें कंपनीनें सांगितलें.

आंतली रचना मोठी युक्तीची होती. डिस्क सतत फिरती ठेवली तर बॅटरी लवकर संपावयाची आणि चालतां-चालतां धक्का बसला कीं गाणें अडखळावयाचें. म्हणून रांजणांतून एकदां घागर भरून घ्यावी व मग दिवसभर तिच्यांतलें पाणी वापरावें, तसें हें यंत्र वीसेक मिनिटांचें गाणें एकदम वाचून एका लहान स्मृतिपटलांत ठेवी आणि डिस्क स्वस्थ बसवी. पुढें २००४ सालीं 'मिनी', २००५ सालीं 'शफल' व 'नॅनो', २००७ सालीं पडद्यास स्पर्श करून चालणारा 'टच' असे धाकटे-थोरले भाऊ निघाले. त्या सर्वांच्या तपशिलांत शिरण्याचें कारण नाहीं.

आमच्या संगीताचें या पेटींत कसें काय जमलें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. हजार गाण्यांचा हिशेब प्रत्येक गाणें चार मिनिटांचें धरून केलेला होता. तासभराच्या ख्यालास त्याच मापानें सुमारें ७२ मेगाबाइट लागतात. म्हणजे हजार गाण्यांच्या पेटींत असे ख्याल सत्तरहि मावत नाहींत. तरी ही सोय थोडी म्हणतां येणार नाहीं. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरलें, तेव्हांपासून अर्धशतकभर गवयांस तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपता घ्यावा लागला. येथें पहाटेच्या भैरवापासून मध्यरात्रीच्या मालकंसापर्यंत सगळे प्रहर एका पेटींत आले.

पण पेटी बनविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें आपलें गाणें नव्हतें, हें पदोपदीं जाणवे. विलंबित व द्रुत असे दोन तुकडे पाडलेली सीडी आंत भरली, तर सांध्यावर क्षणभर शांतता होई आणि तानपुऱ्याचा अखंड नाद मध्येंच तुटे. हा दोष दूर होण्यास २००६ साल उजाडावें लागलें. नोंदीचे रकाने गाणें, गायक, आल्बम, संगीतकार असे. राग, ताल अथवा प्रहर यांस जागाच नाहीं. मग कोणी रागाचें नांव संगीतकाराच्या रकान्यांत घाली, आणि यमन व भूप हे थोर संगीतकार होऊन बसत! 'शफल' नांवाच्या अवघ्या २२ ग्रॅमच्या यंत्रास तर पडदाहि नव्हता. गाणीं मिसळून वाजविणें हाच त्याचा धर्म, त्यामुळें मारव्याच्या पाठोपाठ बालगीत येई. याच सुमारास एक गंमत झाली. एकाच गायकाचीं दोन गाणीं लागोपाठ लागलीं कीं लोक यंत्रावर पक्षपाताचा आरोप करूं लागले. तेव्हां २००५ सालीं कंपनीनें ही सरमिसळ मुद्दाम कमी यदृच्छ करण्याची सोय दिली, म्हणजे ती लोकांस अधिक यदृच्छ वाटावी.

आतां घराविषयीं. आयपॉडनें प्रत्येकास स्वतःचें गाणें दिलें, हा लाभ खराच आहे. घरांतील सुनेस वा विद्यार्थ्यास कोणाच्या झोपेचा वा परीक्षेचा विचार न करतां आवडतें गाणें ऐकतां येऊं लागलें, ही गोष्ट जुन्या व्यवस्थेंत दुर्मिळ होती. पण कानांत इअरफोन गेले कीं शेजारच्या माणसास काय लागलें आहे हेंहि कळत नाहीं. 'हें कोण गातंय हो?' हा प्रश्न विचारण्याचा प्रसंगच येत नाहीं, आणि त्या प्रश्नावर जी माहिती सहज मिळे तीहि मिळत नाहीं. कानाच्या प्रकृतीचाहि विचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढांनीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपलीकडे ऐकूं नये. मुलांस ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. घरांतील मुलांच्या यंत्रांवर आवाजाची मर्यादा घालण्याची सोय असते. ती आईबापांनीं वापरावी.

२००८ च्या व्यापारी वर्षांत सुमारें ५ कोटी ४८ लक्ष आयपॉड विकले गेले. परंतु त्याच कंपनीच्या आयफोनमध्यें तें सर्व सामावलेलें होतें, आणि घरच्याच मुलानें बापाचें दुकान बसविलें. २०१४ सालीं 'क्लासिक', २०१७ सालीं 'नॅनो' व 'शफल', आणि १० मे २०२२ रोजीं 'टच' बंद झाल्याचें जाहीर झालें. आतां गाणें बहुधा मासिक वर्गणी भरून ऐकतात. वर्गणी थांबली कीं गाणें गेलें. भाड्याच्या घरांतील बिऱ्हाडासारखेंच तें.

या गोष्टीचें दुसरें टोक आपल्याच देशांत दिसतें. पूर्वीची ग्रामोफोन कंपनी, म्हणजे आतांची सारेगामा, हिनें २०१७ सालीं 'कारवां' नांवाची पेटी काढली. जुन्या रेडिओसारखा घाट, मोठीं बटनें, आंत आधींच भरलेलीं पांच हजार गाणीं. पुढें मराठी गीतांची आवृत्तीहि निघाली. तींत निवड कंपनीची, पण ऐकणारे सारें घर. आयपॉडांत निवड आपली, पण ऐकणारा एकटा. आम्हांस दोन्ही अपुरीं वाटतात. तथापि संग्रह म्हणून आयपॉडाचें मोल अधिक, कारण तो एका माणसानें एकेक गाणें पारखून भरलेला असतो.

म्हणूनच कपाटांतलें जुनें यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं थोडें थांबावें. त्याची पाठ फुगलेली दिसली तर आंतली बॅटरी बिघडली असें समजावें. अशा स्थितींत तें विजेस जोडूं नये, टोंचूं नये, जाणत्या कारागिराकडे न्यावें. यंत्र ठीक असेल तर संगणकास जोडतांना 'पहिलीं गाणीं पुसून नवीं भरूं काय?' अशा अर्थाचा प्रश्न येईल, त्यास होकार देऊं नये. 'टच' वगळतां इतर यंत्रांत गाणीं एका लपविलेल्या फोल्डरमध्यें असतात. त्यांचीं नांवें चार अक्षरांचीं व निरर्थक दिसलीं तरी घाबरूं नये; खरें नांव फाइलीच्या आंत असतें व संगणकावरील गाण्यांच्या दप्तरांत घातल्यावर पुन्हां दिसूं लागतें. नकला दोन ठिकाणीं ठेवाव्या. ज्या खाजगी मैफलींच्या फाइलींस नांवच नसेल, त्या लावतांना घरांतील वडील मंडळींस शेजारीं बसवून राग, गायक व साल लिहून घ्यावें, आणि त्या वेळीं इअरफोन बाजूस ठेवून गाणें मोठ्यानें लावावें.