कॅरिबियनच्या वाळूवर कुर्ल्यांचं कालवण

"समुद्र बघूक इतक्या लांब? आमच्या दारात काय मगे तळी आसा?" आईचा पहिला प्रश्न हाच होता.

ती मालवणहून एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे झिंडेलफिंगेनला आली, तेव्हा टोबॅगोची तिकिटं काढून झाली होती. ती काढली बायकोने, फेब्रुवारीत, म्हणजे अशा दिवसांत जेव्हा इथे सकाळी अंधार असतो आणि मार्क्टप्लाट्झकडे जाताना दिसणारी एकमेव पांढरी गोष्ट म्हणजे आपल्या गावाचे ते संगमरवरी झेब्रा क्रॉसिंग. ट्रॅव्हल एजन्सीच्या ब्रोशरमध्ये वाळूत मांडलेलं दोघांचं टेबल होतं, पांढरा टेबलक्लॉथ, मेणबत्ती, मागे वाकलेला माड. बायको म्हणाली, लग्नाला अठरा वर्षं झाली, एकदा तरी असं जेवायचं आहे. यावर नवऱ्याने काय म्हणायचं असतं ते वाचक जाणतात.

२०२४ च्या फिंग्स्टफेरिएनमध्ये आम्ही चौघं निघालो. पंधरा वर्षांची लेक विमानाच्या धुराबद्दल कुरकुरत होती. ती दोन वर्षांपासून मांस-मासे खात नाही. आणि आई. बाबा गेल्यापासून तिनेही मासळी सोडली होती. कुणी सांगितलं नव्हतं, आमच्याकडे तशी रीतही नाही. मालवणात जन्म काढलेली बाई डाळभात आणि लोणच्यावर आली होती, आणि विचारलं की "इच्छा नाय" एवढंच म्हणायची. घरात दोन शाकाहारी, दोघींची कारणं वेगळी, आणि मी सहल ठरवताना मनात मात्र माशांचीच यादी करत होतो. हे कबूल केलेलं बरं.

ब्रोशरमधलं जेवण दुसऱ्या संध्याकाळी झालं. माणशी नव्वद युरो. हॉटेलचं नाव घालत नाही, कारण वाढणारी मुलं फार भली होती आणि वारा काही त्यांच्या हातात नव्हता. वाऱ्याने मेणबत्त्या चारदा विझल्या. सूर्य बुडाला तशा वाळूतल्या बारीक माश्या घोट्याला चावू लागल्या. डास दिसतो तरी, या दिसतही नाहीत. मासा कोरडा होता, बटाटे थंड. आईने बटाटे खाल्ले, पदराने पाय झाकले आणि म्हणाली, "वाळूत बसान जेवची हौस होती तर मालवणाक जावचा होता." बायको हसली, पण तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: असं टेबल घ्यायचंच असेल तर दुपारी घ्या, आणि पायांत मोजे घाला, फोटो कसाही येवो.

मागचा माड मात्र ब्रोशरइतकाच देखणा होता. तो तिथला नाही हे मला परत आल्यावर वाचताना कळलं. जगभरच्या नारळांच्या जनुकांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार अटलांटिककडच्या माडांचं मूळ हिंदी महासागराच्या बाजूला, भारताकडे जातं. युरोपियन लोकांनी ते जहाजांवरून पश्चिमेला नेले. उलट मिरची आणि काजू अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागले. म्हणजे आम्ही ज्याचा फोटो बघून पैसे भरले ते झाड आमच्याकडचं, आणि आईच्या मसाल्यातली मिरची त्यांच्या बाजूची. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग मिरची आमी चांगली वापरली."

तिसऱ्या दिवशी आम्ही हॉटेलचं जेवण सोडून स्टोअर बेला गेलो. किनाऱ्यालगत छोट्या खानावळींची एक रांग आहे, बहुतेक बायका चालवतात. तिथली ख्याती एका पदार्थाची: क्रॅब अँड डंपलिंग. निळसर खेकडे करी मसाल्यात आणि नारळाच्या दुधात शिजवलेले, सोबत कणकेचे जाड, चपटे, उकडलेले गोळे. चमचा-काटा देतात, पण तो सौजन्यापुरता. नांगी दातांनी फोडायची, चोखायची, बोटं चाटायची. बायको आणि मी दोघंही मुंबईत मामाकडे बसल्यासारखे बसलो होतो. मालवणी कालवणात वाटप भाजलेलं आणि रंग गडद. हे पिवळं, हळदीचं, थोडं गोडसर. पण कवच फोडल्यावर आत लपलेला रस्सा तोच.

आईने कुर्लीला हात लावला नाही. तिच्यासाठी खेकडा न घातलेलं कॅललू मिळालं: हिरवं, दाट, नारळाच्या दुधातलं, भेंडी घातलेलं. तिने एक घास घेतला, पानं जिभेवर घोळवली आणि माझ्याकडे बघितलं. "ह्या तर फदफदा!"

खरंच अळू होतं. तिकडे त्याला दशीन म्हणतात. मूळचं आशियातलं हे पान आफ्रिकेमार्गे आणि जहाजांमार्गे कॅरिबियनमध्ये रुजलं, आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांनी त्याचं कॅललू केलं. चिंच नाही, शेंगदाणे नाहीत, मुळा नाही, तरी फदफदंच. आईने दोन वाट्या खाल्ल्या आणि खानावळवाल्या बाईंना खुणेनेच विचारलं, घसा खाजत नाही का? बाईंनी खुणेनेच दाखवलं, खूप शिजवायचं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि अडलंही काही नाही.

मग त्रिनिदाद. टोबॅगोहून विमानाने अर्धा तासही लागत नाही. पोर्ट ऑफ स्पेनहून डोंगर ओलांडून माराकास बेला जायचं. हा घाटरस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने बांधला. चाग्वारामासचा किनारा त्यांनी नौदलाच्या तळासाठी घेतला, लोकांची पोहायची जागा गेली, त्याची भरपाई म्हणून १९४४ मध्ये हा रस्ता झाला. आंबोली उतरल्यासारखी वळणं आहेत. खाली अर्धवर्तुळाकार किनारा आणि टपऱ्यांवर एकच पाटी: बेक अँड शार्क.

बेक म्हणजे तळलेली पुरी, आपल्या कोंबडीवड्यासारखी फुगलेली पण मैद्याची. ती चिरून आत मसाला लावून तळलेला शार्कचा तुकडा, आणि वर तुम्हाला हवं ते: चिंचेची चटणी, लसूण, अननस, कोबी, शाडो बेनी नावाच्या लांब पानाची हिरवी चटणी. पान दिसतं काटेरी, वास थेट कोथिंबिरीचा.

शार्क म्हणजे आपली मोरी. तळणीच्या वाफेतून तो वास आला आणि आई थांबली. मोरी नीट धुतली नाही तर तिला उग्र वास येतो, तो मालवणी माणसाला लांबून कळतो. "तुझो बापूस झालो तेव्हा सासूबायनी माका मोरीचा सुका घातल्यानी, रोज," ती लेकीला सांगू लागली. कोकणात बाळंतिणीला मोरी देतात, दूध येतं म्हणून. माझ्या लेकीला हे पहिल्यांदाच कळत होतं, आणि मला वाटलं, आता घास उचलला जाणार.

उलटंच झालं. लेक म्हणाली, "आजी, शार्कला मोठं व्हायला कितीतरी वर्षं लागतात. पिल्लंही थोडी होतात. आपण खात राहिलो तर संपतील." मी डोळ्यांनी तिला गप्प करत होतो. आई मात्र गंभीरपणे ऐकत होती. मग म्हणाली की मालवणच्या बाजारातही पूर्वीसारखी मोठी मोरी येत नाही, बारकीच येते, बारकी धरली तर मोठी कुठून होणार. दोघींनी मिळून मक्याचं कणीस खाल्लं. मी आणि बायकोने बेक अँड शार्क खाल्लं. उत्तम होतं, आणि नीट गिळवलं नाही.

(लेकीने नंतर मला आणखी एक धक्का दिला. जर्मन मासेवाल्याकडे मिळणारे 'शिलरलॉकेन', जे मी ऑफिसच्या मित्रांबरोबर कितीदा खाल्ले, ते धुरावलेल्या छोट्या शार्कचं पोट असतं. नाव कवी शिलरच्या कुरळ्या केसांवरून. म्हणजे आपल्या शेजारच्या मारबाखचा सुपुत्र. त्या माशाची युरोपात इतकी घट झाली की काही वर्षं त्याची मासेमारी थांबवावी लागली.)

३० मे आला. त्रिनिदादमध्ये हा इंडियन अरायव्हल डे, सुट्टीचा दिवस. १८४५ साली याच तारखेला फातेल रझाक हे जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये घेऊन तिथे लागलं. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं उसाच्या मळ्यांसाठी आली. आज देशातला तीनातला एक माणूस त्यांच्या वंशातला. बहुतेक भोजपुरी मुलखातले, काही मद्रासकडून. मुंबई बंदरातून गिरमिटावर गेलेली आपली माणसं मॉरिशसला पोचली, म्हणून मराठी तिथे आहे, त्रिनिदादमध्ये नाही.

आम्ही पूर्वेच्या मांझानिला किनाऱ्यावर गेलो. मैलोन्‌मैल माडांचं बन. पण वाळूवर सारगासम शेवाळाचे तपकिरी ढीग होते. २०११ पासून हे शेवाळ कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर ढिगाने येतं, कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि तो कुठल्याच ब्रोशरमध्ये येत नाही. वाऱ्याच्या वरच्या बाजूला झाडांखाली कुटुंबं पसरली होती. मोठमोठी पातेली, तीन दगडांची चूल. तिला तेही चूलच म्हणतात, 'चुल्हा'.

ऊन वाढलं तशी लेक ओरडली, "आजी, इकडे सावलीत ये!"

शेजारच्या ताडपत्रीखालून एक म्हातारी बाई वळून म्हणाल्या, "हो बेटा, काय?" इंग्रजीतच, पण हाक त्यांनी स्वतःसाठीच घेतली होती. तिकडे बापाच्या आईला आजीच म्हणतात, आईच्या आईला नानी. भोजपुरीतून आलेला शब्द. हे उलगडेपर्यंत दोन्ही आज्या एका चटईवर बसल्या होत्या.

त्यांच्या पणजोबांचं गाव बस्ती जिल्ह्यातलं, एवढंच घरात माहीत. त्यांनी आईला विचारलं, तुमची माणसं कोणत्या जहाजाने आली? मी दुभाष्या. फ्रँकफर्टच्या विमानाने, असं सांगितल्यावर त्या खूप हसल्या. मग पानं पुढे आली. पहिला पदार्थ लेकीच्या ताटात पडला: सहीना. दशीनची पानं, वर वाटाण्याच्या डाळीचं पीठ, गुंडाळून, कापून, तळलेली. अळूवडी! वर कैरीच्या किसाचं मोहरीच्या तेलातलं लोणचं, कुचेला. लेकीने सात खाल्ल्या. घरी मी केलेली अळूवडी ती बाजूला सारते.

नंतर त्या आजीने चुलीवरून किंगफिशची तळलेली तुकडी आईच्या ताटात ठेवली. किंगफिश म्हणजे सुरमईचा चुलतभाऊ. मी म्हणणार होतो की ती खात नाही. बायकोने माझा हात दाबला. त्या आजी सांगत होत्या की त्यांचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, आणि दर ३० मेला ते स्वतः मासा तळायचे, आता त्या तळतात. मी भाषांतर केलं. आई ताटाकडे बघत राहिली. मग तिने बोटांनी काटा बाजूला काढला, तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "मीठ कमी आसा."

हे मी भाषांतरित केलं नाही. त्या आजींनी स्वतःच मिठाची वाटी पुढे सरकवली.

यंदा दिवाळीला आई मालवणात आहे. ती सोमवार-गुरुवार सोडून मासळी खाते. लेक अजून खात नाही. स्टुटगार्टच्या तमिळ दुकानात अळूची पानं मिळाली, सहा पानांना चार युरो, आणि लेकीने व्हिडिओवर आजीला विचारत वडी केली. बेसनाऐवजी वाटाण्याची डाळ भिजवून वाटली. पहिला घाणा खाजला. आई फोनवरून म्हणाली, "चिंच घाल गो, त्यांका सांगूक राहला."