गाळलेलें पाणी

आमच्या लहानपणीं घरांतील वडील मंडळी घागरीच्या तोंडावर जुन्या लुगड्याचा चौपदरी तुकडा धरल्यावांचून पाणी भरीत नसत. आम्हां मुलांना तें सोवळ्याचेंच एक अंग वाटे व आम्ही त्याची थट्टा करीत असूं. पुढें शेजारच्या एका काकांच्या पायांतून निघणारा नारूचा दोरा काडीवर गुंडाळून रोज थोडाथोडा ओढतांना मीं पाहिला; त्या दिवसापासून ती थट्टा थांबली.

गाळणें म्हणजे काय? प्रवाही पदार्थ ज्यांतून निघून जाईल, परंतु त्यांत तरंगणारे कण अडकतील, असा सच्छिद्र पडदा वाटेंत धरणें. सारें मर्म छिद्र व कण यांच्या मापांत आहे. नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरींत उतरला म्हणजे त्याच्या जखमेंतून नारूचीं सूक्ष्म पिलें पाण्यांत पडतात. सायक्लॉप्स नांवाचा जलचर जीव तीं गिळतो. तो जीव पाण्याबरोबर माणसाच्या पोटांत जातो. हा जीव एक-दोन मिलिमीटर लांबीचा, म्हणून फडक्यांत अडकतो. भारतांतील शेवटचा नारूचा रोगी १९९६ सालीं आढळला व २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. त्या यशांत साध्या फडक्याचाहि वांटा आहे.

पटकीचा जंतु मात्र कापडाच्या छिद्राहून पुष्कळच लहान. तरीहि बांगलादेशांतील खेड्यांत जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्यानें पटकीचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. कारण हे जंतु पाण्यांतील लहान जलचरांना चिकटून राहतात. आश्रय अडला कीं आश्रितहि अडतो.

वाळूची गाळणी याहून बारीक काम करते. १८९२ सालीं जर्मनींतील हांबुर्ग शहरांत पटकीनें आठ हजारांहून अधिक माणसें दगावलीं. लगतचें आल्टोना गांव त्याच एल्ब नदीचें, तेंहि प्रवाहाच्या खालच्या अंगाचें पाणी पीत असे. परंतु वाळूंतून गाळून. तें पुष्कळ अंशीं बचावलें.

मात्र फडक्याला मर्यादा आहे. विरघळलेलें मीठ वा विष त्यानें अडत नाहीं, आणि सुटे जंतु पार जातात. म्हणून संशय असल्यास गाळलेलें पाणी उकळावेंहि. फडक्याची एकच बाजू नेहमीं वर ठेवावी. तें उलटलें तर अडकलेले जीव पुन्हां घागरींत उतरतात.

परवां सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, आतां घरांत यंत्र आहे, हें फडकें कशाला?” मीं म्हटलें, “मुली, यंत्र बंद पडेल त्या दिवसासाठीं. आणि नातवंडांना त्याचें कारण सांगतां यावें म्हणून.”