होडीला पोटमाळा?

धामनोदपासून महेश्वर अगदी जवळ. तिथे अहिल्यादेवींच्या घाटाखाली, नर्मदेच्या मधोमध उभ्या असलेल्या बाणेश्वराच्या देवळाकडे नेणाऱ्या होड्या लागलेल्या असतात. निमाडातलं ऊन असं की डोक्यावर छप्पर हवंच. मग वाटतं, तेच जरा भक्कम करून वर माणसं बसवली तर? चाळीतल्या खोलीलाही पोटमाळा काढणाऱ्या आपल्याला हे सुचणारच. पण खोली कलंडत नाही.

हिशेब करू. माणसांसकट होडी दीड टनाची धरा. साठ किलोची आठ माणसं दीड मीटर वर चढली, की सगळ्या वजनाचा गुरुत्वमध्य 48 सेंटिमीटर वर सरकतो. छपराचं वजन वेगळंच.

होडी कलली की पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूकडे सरकतो. त्या जोराची उभी रेघ होडीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. फ्रान्सच्या पिएर बूगेने 1746 साली ही कल्पना मांडली. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तोवर होडी सावरते. वर गेला की थोडं निमित्तही पुरतं. फोटोसाठी सगळे एका काठाला धावले तरी बस्स. केरळात तानूरला 7 मे 2023 रोजी दुमजली पर्यटक बोट उलटून 22 जण गेले. बोटीत माणसंही क्षमतेपेक्षा जास्त होती.

ऐसपैस जागा हवी तर आडवी शोधावी. मेटासेंटरची उंची रुंदीच्या घनावर अवलंबून असते. वजन आणि लांबी तीच ठेवून दीड मीटर रुंदी 1.8 केली, जेमतेम फूटभर वाढ, तर बुडालेल्या भागाच्या मध्यापासून मेटासेंटरपर्यंतचं अंतर 73 टक्क्यांनी वाढतं! तयार होडी रुंद कशी करायची, हे कोकणातल्या कोळ्यांना जुनंच ठाऊक आहे: बाजूला आडव्या दांड्यांना ओंडका बांधायचा, ती उलांडी. नाहीतर दोन होड्या अंतर ठेवून घट्ट जोडायच्या आणि काठाच्या उंचीवर फळ्या टाकायच्या. सतरंजी अंथरून दुपारभर लोळावं, इतकी जागा होते.

सावलीला बांबू आणि कापड पुरे. फक्त ते झटकन गुंडाळता आलं पाहिजे, कारण वळिवाच्या वाऱ्यात त्याचंच शीड होतं.