भस्म फासलेली होडी

कोकणातल्या एखाद्या बंदरावर ओढून ठेवलेल्या जुन्या फायबरच्या होडीवरून बोट फिरवून पाहा. खडूसारखी पूड हाताला लागेल. ती धूळ नव्हे की मीठ नव्हे, होडीची स्वतःची कातडी आहे. म्हणून साबणाने कितीही घासलं तरी निळी होडी निळी होत नाही.

या कातडीला कारागीर जेलकोट म्हणतात. पॉलिएस्टर रेझिनमध्ये कालवलेला हा रंग जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. साच्यात तो आधी फवारतात आणि मागून काचतंतूंची मॅट बसवतात. कातडी आधी, अंग नंतर!

उन्हातले अतिनील किरण रेझिनच्या लांबलचक रेणुसाखळ्या तोडतात. तुटक्या टोकांना, म्हणजे मुक्तमूलकांना, हवेतला ऑक्सिजन चिकटतो, त्यातून आणखी मुक्तमूलकं निपजतात आणि ती शेजारच्या साखळ्यांवर तुटून पडतात. रेझिन झिजलं की त्यात रुतलेले रंगाचे कण सुटे होतात. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड तर उन्हात या मोडतोडीला हातभारच लावतं, म्हणून रंग बनवणारे त्याच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचं कवच चढवतात.

पण निळ्या होडीवर पांढरी छटा कुठून येते? काच कुटली की चूर्ण पांढरं दिसतं, तिथूनच. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश सैरावैरा विखुरतो आणि खालचा निळा झाकोळतो. आता तिथे तांब्याभर पाणी ओता. खळगे भरतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, रेझिनचा सुमारे १.५, हवेपेक्षा पाणी रेझिनला जवळचं, त्यामुळे विखुरणं कमी होतं आणि जुना निळा घटकाभर परततो. परतला तर पॉलिशने काम भागेल. नाहीच परतला तर रंगच उडालाय, नवा मारावा लागेल. तेल चोळून चमकवलेली होडी हीच युक्ती करते, फक्त पाण्याऐवजी तेलाने. जुनी होडी विकत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

खरा इलाज म्हणजे मेलेला थर खरवडून काढणं. पी-१००० नंबरच्या वॉटर पेपरचे कण सुमारे १८ मायक्रॉनचे, पी-२००० चे सुमारे १०. प्रत्येक कागद आधीचे ओरखडे पुसून स्वतःचे बारीक ओरखडे ठेवून जातो. पुढे रबिंग कंपाउंड. ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे साधारण अर्ध्या मायक्रॉनहून बारीक झाले की प्रकाशाला ते जाणवत नाहीत, आणि होडीत तोंड दिसू लागतं. बफिंग मशीन मात्र एका जागी रेंगाळू देऊ नका, जेलकोट करपतो. शेवटी वॅक्सचा हात. त्यातलं कार्नाउबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं.

प्रत्येक पॉलिशला कातडी थोडी पातळ होते आणि ती पुन्हा वाढत नाही, म्हणून मुळात ऊनच टाळावं. पावसाळ्यात आपल्याकडे होड्या झापांनी शाकारतात. वैशाखात रिकाम्या उभ्या होडीवरही तेवढं छप्पर घाला.