रात्रीची खेप, बाहेरचं खाणं आणि वाढतं पोट : गाडीवाल्यांचं वजन नेमकं कुठं वाढतं?

नारायणगाव, ओतूर, मंचर या पट्ट्यातून संध्याकाळी टोमॅटो, कांदा, कोथिंबीर भरलेल्या पिकअप आणि टेम्पो वाशी मार्केटकडे निघतात. कोणी आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरतं, कोणी चाकण-तळेगावमार्गे जातं. माल पहाटेच्या बाजाराला लागला पाहिजे, त्यामुळे रात्र रस्त्यावरच जाते. या धंद्यात नवीन आलेला पोरगा दोन-तीन वर्षांत ओळखू येत नाही. गाल भरतात, शर्टाची बटणं ताणतात आणि पारावरची माणसं म्हणतात, "धंदा मानवला गड्याला."

बहुतेक गाडीवाले याचं खापर ढाब्यावर फोडतात. बाहेरचं तेलकट खाणं आहे, वजन वाढणारच, असं म्हणून विषय संपतो. पण एका रात्रीचं खाणं ओळीनं मांडून बघितलं तर गोम वेगळ्याच ठिकाणी सापडते.

गाडी निघताना आठ वाजता घरी पोटभर जेवण होतं. बाराच्या सुमारास टपरीवर गाडी लागते, तिथं चहा आणि वडापाव. मार्केटमध्ये नंबर लागेपर्यंत दुसरा चहा. माल खाली झाला की मिसळ नाहीतर भुर्जी-पाव आणि तिसरा चहा. परतताना डोळे जड होतात म्हणून कोल्ड्रिंकची बाटली. दहा वाजता गाडी दारात येते, तेव्हा घरच्यांना वाटतं माणूस रात्रभर उपाशी असेल. म्हणून गरम भाकरी-कालवण वाढलं जातं. झोपून उठल्यावर दुपारी तीन-चारला परत ताट. रात्री आठला पुन्हा निघायच्या आधी जेवण आहेच.

म्हणजे गावाकडच्या दिवसाची तिन्ही जेवणं होतात आणि रात्रीच्या रस्त्याचं खाणं वर वेगळं. एकच माणूस दिवसपाळी आणि रातपाळी अशा दोघांचं खातो. पोट वाढतं ते इथं.

आता आकडे बघा. मध्यम आकाराचा वडापाव साधारण ३०० कॅलरीचा असतो. दोन पाव घेऊन खाल्लेली मिसळ साडेचारशे-पाचशेच्या घरात जाते. दूध-साखरेचा चहा कपाला ६०-७० आणि २५० मिलीची कोल्ड्रिंकची बाटली सुमारे ११०. तीन चहा धरून एका खेपेत हजार-अकराशे कॅलरी सहज पोटात जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसभरात साधारण २,११० कॅलरी पुरतात. म्हणजे निम्मा कोटा रस्त्यावरच संपला, आणि घरची तिन्ही जेवणं अजून मोजलेलीच नाहीत.

याच शिफारशींमध्ये अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या पुरुषासाठी ३,४७० कॅलरी सांगितल्या आहेत. काल-परवापर्यंत शेतात खुरपणी, खोदाई, पोती उचलणं करणारा माणूस स्टेअरिंगवर बसला की त्याची गरज हजारभर कॅलरीनं खाली येते. क्रेट भरायला-उतरायला बऱ्याचदा दुसरेच हात असतात. ताटातल्या भाकऱ्या मात्र तेवढ्याच राहतात, कारण भुकेला जुनी सवय असते. सात-आठ तास गाडी चालवून अंग आंबून जातं हे खरं, पण अंग आंबणं वेगळं आणि मेहनत होणं वेगळं.

रोजची वाढ डोळ्याला दिसत नाही. समजा, गरजेपेक्षा ३०० कॅलरी जास्त गेल्या आणि आठवड्याला चार खेपा झाल्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. या हिशोबानं दीड महिन्यात किलोभर वजन चढतं. हा कागदावरचा हिशोब आहे, शरीर इतकं काटेकोर चालत नाही. पण दोन वर्षांत शर्टाची बटणं का ताणतात, हे कळायला तो पुरेसा आहे.

सगळ्यात सोपी सुधारणा चहात आहे. गाळ्यावर, पंपावर, टपरीवर कोणी चहा पुढे केला तर नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये, माणसं त्यावर जोडलेली असतात. पण एका कपात दोन चमचे साखर धरली तर दिवस-रात्रीच्या सहा चहांत ६० ग्रॅम साखर होते. वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टपरीवरच्या पातेल्यात साखर आधीच पडलेली असते, तिथं कटिंगच घ्यावी. ओळखीच्या ठिकाणी साखर कमी सांगता येते. घरचे दोन चहा तरी कमी गोड करावेत. पंधरा दिवस जीभ कुरकुरते, मग जुना चहा गुळचट लागायला लागतो.

कोल्ड्रिंकची गोष्ट वेगळी. २५० मिलीच्या बाटलीत पाच चमच्यांच्या वर साखर असते आणि पोट भरल्यासारखंही वाटत नाही. झोप घालवायला म्हणून ती घेतात, पण त्यातली साखर झोप घालवत नाही. उलट रात्री दोन-तीनला जी खा-खा सुटते, ती बऱ्याचदा भूक नसून झोप असते. झोप अपुरी झाली की भूक वाढते आणि मन तेलकट-गोडाकडेच धावतं. अशा वेळी पंपाच्या आवारात किंवा सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटले, तर वडापावही वाचतो आणि घाटातला धोकाही कमी होतो.

डबा नेण्याची लाज वाटते, हे बरेच जण उघड बोलत नाहीत. सोबतचे ढाब्यावर बसलेले असताना आपण फडकं सोडायचं कसं? पण ज्वारी-बाजरीची भाकरी रात्रभर टिकते. तिच्यासोबत मटकीची सुकी उसळ, झुणका, कांदा, काकडी घेतली की मिसळीची गरज उरत नाही. दोन उकडलेली अंडी नेली तर मध्यरात्रीचा वडा सुटतो. केबिनमध्ये फरसाणाऐवजी फुटाण्याची पुडी ठेवावी. शेंगदाणे चांगलेच, पण मूठभरच, कारण गाडी चालवता चालवता पावशेर कधी संपतात कळत नाही. आणि डबा नेला तर तो खायचा. डबाही खाल्ला आणि ढाब्यावरही बसलं, असं झालं तर डबा नेऊन उपयोग नाही.

एक काम घरच्यांनी करायचं आहे. सकाळी दहाचं ताट प्रेमानं वाढलेलं असतं, पण पहाटे पाचला मिसळ झाली असेल तर त्या ताटाची गरज नसते. बाजारात काय खाल्लं ते फोनवर सांगून टाकावं. पोटात काहीच नसेल तर जेवून झोपावं. खाल्लं असेल तर ताक किंवा एखादं फळ पुरे, जेवण उठल्यावर. चोवीस तासांत तीन जेवणं, मग ती कोणत्या वेळी का होईनात, एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं.

ढाब्यावर बसावंच लागलं तर काय मागवतो याला किंमत आहे. शेवभाजीत तळलेली शेव आणि वर तर्री, दोन्हीकडून तेल. दोन मोठे चमचे तेल म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे एका मोठ्या भाकरीपेक्षा जास्त. त्यामुळे वरचा तवंग चमच्यानं बाजूला काढला तरी फरक पडतो. काजू करीपेक्षा साधी डाळ किंवा अंडा करी बरी. चिकन घेतलं तर तंदूरचं किंवा सुकं. रोटीला बटर लावू नका असं आधीच सांगावं, कारण न विचारता लावून येतं. भाकरी मिळत असेल तर भाकरीच घ्यावी आणि भाकरी घेतली की जिरा राइस नको. भाजी येईपर्यंत कांदा-काकडी संपवली तर तिसरी रोटी आपोआप राहते. मिसळ खायचीच असेल तर मटकी वाढवून मागावी, फरसाण कमी सांगावं आणि तिसऱ्या पावाला हात लावू नये.

परतल्यावरच्या बैठकीतली दारू आणि सोबतचा तळलेला चखणा या हिशोबात कोणी धरत नाही. दारूतल्या अल्कोहोलच्या ग्रॅममागे सात कॅलरी असतात, साखरेपेक्षाही जास्त. खेपेवर असताना तर तिचा विषयच नको.

व्यायामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मार्केटमध्ये माल उतरेपर्यंत केबिनमध्ये मोबाईल बघत बसण्याऐवजी अर्धा तास पायी फिरलं तर पायांची सूजही कमी होते. मात्र चालण्यानं वडापाव जिरतो या भरवशावर राहू नये. ३०० कॅलरी जिरवायला तासाभराहून जास्त चालावं लागतं.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र स्वतःच्या मनानं जेवण टाळू नये. गोळी घेतली आणि पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम खाली येते. हात कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. स्टेअरिंगवर असताना असं झालं तर काय होईल हे सांगायला नको. अशांनी रात्रपाळीप्रमाणे गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात आणि केबिनमध्ये साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. तशी लक्षणं दिसताच गाडी बाजूला घ्यावी.

पोटाच्या घेरावर धंदा कसा अवलंबून आहे, हेही बघायला हवं. वाहतुकीच्या वाहनाचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो आणि त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. त्यात नजर तपासली जाते. वाढलेली साखर वर्षानुवर्षं अंगात राहिली तर डोळ्याच्या पडद्याला इजा करते आणि सुरुवातीला कळतही नाही. दुसरं म्हणजे घोरणं. मानेभोवती चरबी साठली की झोपेत श्वास मध्येच अडतो, माणूस दचकून जागा होतो आणि रात्रभर हेच चालतं. सात-आठ तास पडून राहिलं तरी झोप पुरी होत नाही आणि दुसऱ्या दिवशी चालत्या गाडीत डुलकी लागते. घरच्यांनी "झोपेत श्वास थांबतो" असं सांगितलं तर ते हसण्यावारी न नेता डॉक्टरांना सांगावं. याला उपचार आहेत. गाडीचा हप्ता अजून चालू असताना घरातला एकुलता चालकच आजारी पडला, तर काय होतं हे गावागावांत लोकांनी पाहिलेलं आहे.

तपासायला वजनकाटा नसला तरी चालतं, शिंप्याची टेप पुरे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये टेप धरून, श्वास सोडल्यावर घेर मोजायचा. पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या वर आणि बाईचा ८० सेंटीमीटरच्या वर गेला तर तपासणी करून घ्यावी. पँटच्या नंबरावर जाऊ नये. पोट सुटलं की पँट पोटाखाली सरकते आणि नंबर तोच राहतो. तीस वर्षांवरच्या लोकांसाठी बीपी आणि शुगरची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. खेपेवरून आल्यावर झोप झाली नसेल तर त्या दिवशी जाऊ नये, बीपी उगाच वाढलेलं दिसू शकतं. बाजाराला सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी जावं.