खाजणातील भातशेती आणि ट्रॅक्टरच्या टायरची पकड

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर परिसराच्या उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र आहे. २००२ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली आणि वस्ती वाढत जाऊन शेतीचे क्षेत्र आकसले. तथापि राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन या गावांची ओळख भातशेती, मिठागरे आणि खाजण यांच्याशी निगडित आहे. अशा चिकट जमिनीत ट्रॅक्टर चालविताना टायरची निवड चुकल्यास डिझेल वाया जाते आणि लावणीचे मोलाचे दिवसही हातचे जातात.

पकड कशी निर्माण होते?

मागील टायरवरील उंच रबरी दाते मातीत रुततात व मातीला मागे रेटतात. त्या रेट्यामुळे ट्रॅक्टर पुढे सरकतो. चिखलात वरचा थर पातळ असतो. आधार मिळतो तो त्याखालील घट्ट थराचा. दाते तेथपर्यंत पोहोचले पाहिजेत आणि दोन दात्यांमधील माती चाक फिरताना बाहेर फेकली गेली पाहिजे. दाते झिजले म्हणजे खाचा उथळ होतात, त्यांत चिकण माती भरून बसते आणि टायर गुळगुळीत असल्याप्रमाणे जागीच फिरू लागतो.

कोरड्या, टणक जमिनीवर स्थिती निराळी असते. तेथे दाते फारसे रुतत नाहीत व रबराचा जमिनीशी होणारा स्पर्शच अधिक उपयोगी पडतो. म्हणून अर्धवट झिजलेला टायरही तेथे चांगले काम देतो. यामुळेच पुष्कळांची फसगत होते. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर निर्वेधपणे ओझे ओढणारा टायर जुलैच्या चिखलात निरुपयोगी ठरतो.

निवड कशी करावी?

सर्वसाधारण शेतीच्या टायरवर मध्यम उंचीचे दाते असतात. खास भात व उसासाठी बनविलेल्या टायरचे दाते त्यांच्या सुमारे दुप्पट उंच असतात. ते चिखलात उत्तम चालतात, परंतु रस्त्यावर लवकर झिजतात. ज्यांचा ट्रॅक्टर वर्षातील बराच काळ वाहतुकीस जातो, त्यांनी साधा टायर ठेवावा व चिखलणीपुरती लोखंडी पिंजऱ्याची चाके जोडावीत. ही चाके लावून डांबरी रस्त्यावर जाऊ नये.

टायर बसविताना दात्यांच्या जोडीने होणारे टोक, ट्रॅक्टर पुढे जात असता, जमिनीला प्रथम टेकेल अशी दिशा ठेवावी. उलट बसविल्यास माती बाहेर पडत नाही. मागील दोन्ही टायर शक्यतो एकाच वेळी बदलावेत.

घसर मोजण्याची रीत

टायर बदलण्याची वेळ झाली की नाही, हे नुसत्या नजरेने ठरवू नये. टायरवर खडूने खूण करावी. नांगर जमिनीत असताना चाकाचे १० फेरे मोजून तेवढ्या अंतरावर खुंट्या रोवाव्यात. नंतर नांगर उचलून त्याच जमिनीवर तेवढेच अंतर चालवावे व फेरे मोजावेत. समजा, ते ८॥ भरले; तर १० पैकी १॥ फेरा वाया गेला, म्हणजे घसर १५ टक्के झाली. नांगरणीत ८ ते १५ टक्के घसर योग्य समजावी. ती २० टक्क्यांच्या वर गेल्यास प्रथम हवेचा दाब व चाकांवरील वजन तपासावे. शेतातील दाब रस्त्यावरच्या दाबापेक्षा कमी असावा. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. वजन वाढविण्यासाठी टायरमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश पाणी भरता येते. कोकणात पाणी गोठण्याचे भय नसल्यामुळे साधे गोडे पाणी पुरते. इतके करूनही घसर कमी न झाल्यास टायर बदलणेच हिताचे.

सावधगिरी

खाऱ्या चिखलाने रिम गंजते; यास्तव काम संपताच चाके गोड्या पाण्याने धुवावीत. ओल्या बांधावर झिजलेल्या टायरचा ट्रॅक्टर कडेने घसरून उलटू शकतो. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाला ओंडका कदापि बांधू नये. चाक अडताच ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकावर मागे उलटण्याचा धोका असतो. मागील माती उकरून ट्रॅक्टर मागे घ्यावा अथवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी घसर मोजण्याचे प्रात्यक्षिक शेतावर करून दाखवावे. त्यास एक खडू व चार खुंट्या पुरेशा आहेत.